आयसीयूतला रेसिस्टंट न्यूमोनिया: पहिल्या तासापासून सातव्या दिवसापर्यंत काय काय करायचं

पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, पाच-सहा दिवस झालेत, कालपर्यंत ४० टक्के ऑक्सिजनवर छान चाललं होतं आणि आज पहाटेपासून ६० लागतोय, ताप आहे, सक्शनला पिवळा घट्ट कफ येतोय, नॉरअ‍ॅड्रेनलीन (बीपी टिकवणारं औषध) वाढवावं लागतंय. अशा वेळी राउंडवर पहिला प्रश्न येतो तो "कुठलं अँटिबायोटिक लावू?" माझ्या मते हा प्रश्न चौथ्या नंबरचा आहे. त्याच्या आधी हा खरंच न्यूमोनिया आहे का, सँपल घेतलं का आणि आपल्या युनिटमध्ये कुठले जंतू फिरतायत हे विचारायचं, आणि औषध लिहून झाल्यावर डोस पुरेसा गेला का आणि ४८ ते ७२ तासांनी काय बंद करायचं हे दोन प्रश्न उरतातच. औषधाच्या नावावर तासभर वाद घालणारी टीम या बाकीच्या पाचांवर पाच मिनिटंही देत नाही असं होतं, आणि पेशंट बहुतेक वेळा त्या पाचांपैकीच कुठेतरी अडकतो. हे सगळं आयसीयूत काम करणाऱ्या रेसिडेंट्स आणि ज्युनियर डॉक्टरांसाठी लिहितोय, घरच्या घरी औषध घ्यायला अजिबात नाही.

व्याख्या पटकन सांगून पुढे जाऊ. अ‍ॅडमिट झाल्यावर ४८ तासांनी किंवा त्यानंतर सुरू झाला तर तो हॉस्पिटलमधला न्यूमोनिया, ट्यूब घातल्यावर ४८ तासांहून जास्त वेळाने सुरू झाला तर व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणजे व्हीएपी.

खरंच न्यूमोनिया आहे का ते आधी बघा

एक्स-रेवर नवीन किंवा वाढलेला डाग, सोबत ताप, पांढऱ्या पेशी वाढणं किंवा फार कमी होणं, पू-सारखा कफ यातल्या दोन गोष्टी, आणि ऑक्सिजनची गरज वाढलेली, असं जुळलं तर संशय पक्का धरायचा. पण आयसीयूतल्या झोपवून काढलेल्या एक्स-रेवर डाग दिसायला शंभर कारणं असतात. कफाचा गोळा अडकून फुप्फुसाचा एक भाग बसला तर तो चांगल्या सक्शन-फिजिओनं किंवा ब्राँकोस्कोपीनं काही तासांत उघडतो, न्यूमोनिया असा तासांत जात नाही. तीन दिवस चार-चार लिटर पॉझिटिव्ह बॅलन्स (बाहेर पडलेल्यापेक्षा आत गेलेलं पाणी जास्त) असेल तर ते पाणी असू शकतं. एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांत पसरलेली तीव्र सूज), पल्मोनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी), रक्तस्राव, पोटातलं अ‍ॅसिड फुप्फुसात जाऊन आलेली नुसती केमिकल सूज, हे सगळं सारखंच दिसतं. म्हणून एकटा आजचा एक्स-रे बघू नका, मागचे तीन-चार शेजारी शेजारी लावून बघा, आणि बेडसाइड अल्ट्रासाउंड येत असेल तर जरूर करा, घट्ट झालेल्या भागात श्वासाबरोबर हलणारे हवेचे ठिपके दिसले तर न्यूमोनियाची शक्यता वाढते, आणि त्याच वेळी प्लुरामध्ये (फुप्फुसाभोवतीच्या आवरणात) पाणी आहे का हेही कळतं. प्रोकॅल्सिटोनिन (बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारं प्रोटीन) कमी आलं म्हणून अँटिबायोटिक सुरू करायचं थांबवू नका, ते औषध बंद करायच्या वेळी कामाला येतं, सुरू करताना त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, नुसता कल्चर रिपोर्ट ट्रीट करू नका. ट्यूबच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवसांत जंतूंचा थर बसतोच, त्यामुळे ट्यूबमधून काढलेल्या कफात काहीतरी उगवणारच. पेशंट शांत आहे, ऑक्सिजन वाढलेला नाही, एक्स-रे तसाच आहे आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर आलं, तर ते तिथे राहतंय एवढाच त्याचा अर्थ. कॅन्डिडा कफात आलं म्हणून अँटिफंगल लावणं तर जवळपास कधीच बरोबर नसतं. यातूनच पुढच्या आठवड्यातला रेसिस्टन्स तयार होतो आणि तो फक्त त्या पेशंटला नाही, शेजारच्या बेडलाही भोगावा लागतो.

सँपल, आणि तेही नीट

अँटिबायोटिकच्या आधी सँपल, हा नियम. पण पेशंट शॉकमध्ये असेल तर पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे, ब्राँकोस्कोपी करणारे डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही. ट्यूबमधून घेतलेलं सँपल म्हणजे ईटीए आणि ब्राँकोस्कोपीने धुऊन घेतलेलं बीएएल, दोन्ही चालतात, २०१६ च्या अमेरिकन गाइडलाइनने तर साध्या ईटीएलाच पसंती दिली कारण ते कोणालाही रात्री दोनलाही घेता येतं. फक्त नवीन स्टराइल कॅथेटर आणि म्यूकस ट्रॅप वापरा, दोन दिवस लावून ठेवलेल्या बंद सक्शनच्या नळीतून घेऊ नका. लॅबमध्ये दोन तासांच्या आत पोचवा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि ड्युटीरूमच्या टेबलावर सकाळपर्यंत पडलेलं सँपल पाठवण्यापेक्षा नवीन घेतलेलं बरं. बरोबर दोन वेगवेगळ्या जागांहून ब्लड कल्चरचे दोन सेट.

रिपोर्ट वाचताना आकडेही बघा. ईटीएत एका मिलीलिटरला साधारण १ लाख किंवा जास्त कॉलन्या आणि बीएएलमध्ये १० हजार किंवा जास्त आल्या तर ते इन्फेक्शनच्या बाजूने जातं, पण मागच्या ७२ तासांत अँटिबायोटिक बदललं असेल तर आकडे खोटे कमी येतात. मायक्रोबायोलॉजीला फोन करून ग्रॅम स्टेनचं विचारायची सवय लावा. पू-पेशीच नाहीत म्हटलं तर न्यूमोनिया असण्याची शक्यता खूपच खाली येते, ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय दिसलेच नाहीत तर एमआरएसएचं (मेथिसिलिनला रेसिस्टंट स्टॅफचं) औषध लावायचं का यावर पुन्हा विचार होतो. काही तासांत रिझल्ट देणारी पीसीआर पॅनल असतील तर फारच उपयोगी, पण एक लक्षात ठेवा, ती केपीसी, एनडीएम, ऑक्सा-४८ सारखी, औषध तोडणारी एन्झाइम्स बनवणारी जीन्स पकडतात, स्यूडोमोनास मात्र औषध बाहेर फेकून आणि आपल्या भिंतीतली दारं बंद करूनही रेसिस्टंट होतो, ते त्या पॅनलला दिसत नाही. म्हणून पीसीआर आलं तरी कल्चर लागतंच.

कार्बापेनेमला (मेरोपेनेम, इमिपेनेम यांचा गट) रेसिस्टंट क्लेब्सिएला आला की लॅबला एक प्रश्न विचारायचाच, एन्झाइम कुठलं? कारण पुढचं सगळं औषध त्याच्यावर ठरतं, हे खाली येतंच.

पहिला डोस ठरवताना

२०१६ च्या गाइडलाइनमध्ये व्हीएपीत रेसिस्टंट जंतूची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी अशा दिल्यात: मागच्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक मिळालेलं असणं, न्यूमोनिया सुरू होताना सेप्टिक शॉक, आधीपासून एआरडीएस, पाच किंवा जास्त दिवस अ‍ॅडमिट असणं, आणि आधी डायलिसिस लागलेलं असणं. यात मी माझ्याकडून एक जोडतो, पेशंटच्या जुन्या फाइलमध्ये कुठल्याही सँपलमध्ये, अगदी रेक्टल स्वॅबमध्येसुद्धा, आधी रेसिस्टंट जंतू आलाय का ते शोधा, त्याला दहा मिनिटं लागतात आणि त्यानं सगळा प्लॅन बदलू शकतो.

मग युनिटचा अँटिबायोग्राम, म्हणजे कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती टक्के चालतं त्याचा तक्ता. हॉस्पिटलचा नाही, तुमच्या आयसीयूचा, आणि शक्यतो श्वसनाच्या सँपल्सचा वेगळा. दुसऱ्या खंडातल्या गाइडलाइनमधलं पहिलं औषध तुमच्या युनिटमध्ये निम्म्या जंतूंवर चालत नसेल तर ती गाइडलाइन जशीच्या तशी उतरवून काही फायदा नाही.

बेस म्हणून स्यूडोमोनासवर चालणारं एक बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातलं औषध): पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी, किंवा सेफेपिम २ ग्रॅम दर आठ तासांनी, किंवा मेरोपेनेम. ईएसबीएल (सेफट्रायॅक्सोनसारखी औषधं तोडणारी एन्झाइम्स) जास्त असलेल्या युनिटमध्ये, पेशंट गंभीर असेल तर, मी मेरोपेनेमकडेच जातो, कारण २०१८ च्या मेरिनो ट्रायलमध्ये सेफट्रायॅक्सोनला रेसिस्टंट ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाच्या रक्तातल्या इन्फेक्शनमध्ये ३० दिवसांतले मृत्यू पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमकडे १२.३ टक्के आणि मेरोपेनेमकडे ३.७ टक्के होते. ती ट्रायल न्यूमोनियाची नव्हती हे खरं, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तो फरक मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. अर्टापेनेम इथे वापरू नका, ते स्यूडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर दोन्हीवर चालत नाही.

युनिटमध्ये एकट्या औषधाला रेसिस्टन्स १० टक्क्यांच्या वर असेल किंवा पेशंट शॉकमध्ये असेल तर कल्चर येईपर्यंत दुसरं ग्रॅम निगेटिव्ह औषध जोडतात, कल्चर येईपर्यंत हे शब्द महत्त्वाचे. अमिकासिन एकटं कधीच नको, ते फुप्फुसात कमी पोचतं. आणि जिथे निम्मे अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला कार्बापेनेमला जुमानत नाहीत तिथे शॉकमधल्या पेशंटला पहिल्या डोसपासूनच त्या जंतूंवर चालणारं औषध लागतं, मेरोपेनेम लावून तीन दिवस वाट बघायची चैन तिथे परवडत नाही.

एमआरएसएसाठी व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड. लिनेझोलिड ६०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी, प्लेटलेट्सवर लक्ष ठेवून, किडनी खराब असेल तर त्या लवकर पडतात, आणि डिप्रेशनची औषधं चालू असतील तर सेरोटोनिन वाढण्याची भीती असते. डॅप्टोमायसिन फुप्फुसातल्या सर्फॅक्टंटमुळे निकामी होतं म्हणून एमआरएसए असला तरी न्यूमोनियात ते चालत नाही. नाकाच्या स्वॅबवर एमआरएसएचं पीसीआर निगेटिव्ह आलं तर बहुतेक वेळा ते औषध निर्धास्तपणे बंद करता येतं, ही स्वस्त टेस्ट आहे, वापरा.

जंतू कळल्यावर

अ‍ॅसिनेटोबॅक्टर. कार्बापेनेम रेसिस्टंट असेल तर आज सगळ्यात भक्कम पुरावा सल्बॅक्टम-ड्युरलोबॅक्टमचा आहे, १ ग्रॅम अधिक १ ग्रॅम दर सहा तासांनी, तीन तासांत सोडायचं, आणि सोबत इमिपेनेम किंवा मेरोपेनेम. अटॅक ट्रायलमध्ये २८ दिवसांतले मृत्यू या गटात १९ टक्के आणि कोलिस्टिनच्या गटात ३२.३ टक्के होते, किडनीला इजाही बरीच कमी झाली. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. जंतूकडे एनडीएम असेल तर मात्र हे चालत नाही.

ते मिळत नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, तर जास्त डोसमध्ये अ‍ॅम्पिसिलिन-सल्बॅक्टम, दिवसाला सल्बॅक्टम ९ ग्रॅम भरेल एवढं. इथे रिपोर्टवर "रेसिस्टंट" लिहिलेलं असलं तरी जास्त डोसला सल्बॅक्टम काम करू शकतं म्हणून आयडीएसएचं (अमेरिकेतल्या इन्फेक्शन तज्ज्ञांच्या संस्थेचं) मार्गदर्शन ते पायाला ठेवायला सांगतं. त्याच्या जोडीला पॉलिमिक्सिन बी, मिनोसायक्लिन २०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी, टायगेसायक्लिन किंवा सेफिडेरोकोल यातलं एक. टायगेसायक्लिन वापरायचंच तर २०० मिलिग्रॅम लोडिंग (पहिला मोठा डोस) आणि मग १०० दर बारा तासांनी, याच्या निम्मा असलेला नेहमीचा डोस फुप्फुसासाठी अपुरा पडतो, आणि रक्तातही जंतू असतील तर ते एकटं ठेवू नका, रक्तात त्याची पातळी फार कमी राहते. सेफिडेरोकोल मी अ‍ॅसिनेटोबॅक्टरला एकटं वापरत नाही, त्याच्या एका ट्रायलमध्ये नेमक्या याच जंतूच्या पेशंट्समध्ये मृत्यू जास्त दिसले होते.

कोलिस्टिनमध्ये मेरोपेनेम मिसळलं की जोर वाढतो हा समज अजून खूप ठिकाणी आहे. २०१८ ची आयडा आणि २०२२ ची ओव्हरकम, दोन्ही ट्रायल्समध्ये कोलिस्टिन एकटं आणि कोलिस्टिन-मेरोपेनेम यात मृत्यूंमध्ये फरक आला नाही. म्हणजे ज्या मेरोपेनेमला जंतू पूर्ण रेसिस्टंट आहे ते सवयीनं चालू ठेवायचं कारण उरत नाही.

क्लेब्सिएला आणि त्याचे भाऊबंद. एन्झाइम केपीसी असेल तर मेरोपेनेम-व्हॅबोरबॅक्टम, सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम किंवा इमिपेनेम-रेलेबॅक्टम. ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम, व्हॅबोरबॅक्टम आणि रेलेबॅक्टमचा त्याच्यावर भरवसा नाही. एनडीएम असेल तर यातलं एकही एकटं चालत नाही आणि नेमकं इथेच घोटाळा होतो, कार्बापेनेम रेसिस्टंट दिसलं की सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम लिहून लोक मोकळे होतात आणि तीन दिवस महागडं औषध फुकट जातं. एनडीएमला अ‍ॅझट्रिओनाम तोडता येत नाही, पण त्याच जंतूकडे जोडीला ईएसबीएल असतात, ते अ‍ॅझट्रिओनाम तोडतात, म्हणून अ‍ॅव्हिबॅक्टम त्या ईएसबीएलपुढे ढाल धरतं आणि अ‍ॅझट्रिओनाम जंतू मारतं. त्यामुळे सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम २.५ ग्रॅम दर आठ तासांनी आणि अ‍ॅझट्रिओनाम २ ग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, दोन्ही तीन तासांच्या इन्फ्यूजनमध्ये आणि शक्यतो एकाच वेळी चालू. एक सकाळी एक दुपारी असं सोडलं तर ढाल असते तेव्हा औषध नसतं. अ‍ॅझट्रिओनाम-अ‍ॅव्हिबॅक्टम एकत्र असलेलं औषध युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झालंय, मिळत असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. दुसरा पर्याय सेफिडेरोकोल.

स्यूडोमोनास. सगळी नेहमीची औषधं आणि क्विनोलोन हरली असतील तर सेफ्टोलोझेन-टॅझोबॅक्टम, आणि न्यूमोनियासाठी डोस ३ ग्रॅम दर आठ तासांनी, लघवीच्या इन्फेक्शनचा १.५ ग्रॅमचा डोस चुकून लिहू नका. नाहीतर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम किंवा इमिपेनेम-रेलेबॅक्टम. रिपोर्टवर मेरोपेनेम रेसिस्टंट पण सेफेपिम किंवा सेफ्टाझिडिम सेन्सिटिव्ह असा विचित्र प्रकार स्यूडोमोनासमध्ये नेहमी दिसतो, तेव्हा ते जुनं औषध पूर्ण डोसमध्ये आणि लांबवलेल्या इन्फ्यूजनमध्ये दिलेलं चालतं, पण पेशंट फार अस्थिर असेल किंवा जंतू अजून आटोक्यात आला नसेल तर नवीन औषध घ्यावं.

स्टेनोट्रोफोमोनास कार्बापेनेमला जन्मतःच रेसिस्टंट असतो आणि मेरोपेनेम बरेच दिवस चाललेल्या पेशंटमध्येच डोकं काढतो. खरंच आजारी करत असेल तर को-ट्रायमॉक्साझोल, मिनोसायक्लिन, लिव्होफ्लॉक्सासिन, सेफिडेरोकोल यातली दोन.

आता कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन बी. दुसरं काहीच नसेल तर हीच लागतात, त्यामुळे नीट वापरायला आलीच पाहिजेत. कोलिस्टिन शरीरात गेल्यावर हळूहळू सक्रिय होतं म्हणून लोडिंग डोस न देता सुरू केलं तर पहिले दीड-दोन दिवस पेशंट जवळपास विनाऔषध असतो. लोडिंग ९० लाख युनिट, आणि किडनी कशीही असली तरी तेवढंच, त्यानंतर किडनी नीट असेल तर ४५ लाख दर बारा तासांनी, नसेल तर कमी. युनिटचा गोंधळ इथे जीवावर बेततो: १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट, आणि तेच कोलिस्टिन बेसमध्ये मोजलं तर सुमारे ३३ मिलिग्रॅम. ऑर्डरवर नुसतं "मिलिग्रॅम" लिहू नका, लाख युनिटमध्येच लिहा आणि वायलवर काय छापलंय ते सिस्टरांबरोबर उभं राहून वाचा. पॉलिमिक्सिन बी मात्र तयार सक्रिय असतं, किलोला २० ते २५ हजार युनिट लोडिंग, मग १२.५ ते १५ हजार दर बारा तासांनी, आणि किडनीसाठी डोस कमी करायचा नाही. दोन्ही फुप्फुसात कमी पोचतात आणि किडनी दुखावतात, म्हणून न्यूमोनियात ती एकटी ठेवायचं मी शक्य तितकं टाळतो. लॅबचा कोलिस्टिनचा रिपोर्ट ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने आलाय का तेही विचारा, साध्या डिस्कवरचा रिझल्ट विश्वासाचा नसतो. नेब्युलायझरमधून कोलिस्टिन द्यायचं का यावर गाइडलाइन्स एकमेकींशी पटत नाहीत, द्यायचंच तर शिरेतल्या औषधाच्या जोडीला, ऐन वेळी कालवून आणि श्वासनळ्या आवळतायत का ते बघत.

डोस, जिथे हातात असलेलं वाया जातं

गंभीर पेशंटच्या अंगावर पाणी चढलेलं असतं, त्यामुळे पाण्यात विरघळणारं औषध पातळ होतं. म्हणून पहिला डोस पूर्ण, क्रिएटिनिन काहीही असो. सेप्सिसमध्ये बिघडलेली किडनी बऱ्याच जणांची ४८ तासांत सुधारते, आणि आपण पहिल्याच दिवशी बीटा-लॅक्टमचा डोस निम्मा करून ठेवलेला असतो. उलट तरुण, अपघाताच्या किंवा भाजलेल्या पेशंटची किडनी एवढी जोरात चालते की नेहमीचा डोस काही तासांत बाहेर पडतो, क्रिएटिनिन ०.४ बघून सगळे खूश असतात आणि औषध कमी पडत असतं. आठ तासांची लघवी साठवून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने साफ करते ते) काढा, १३० च्या वर असेल तर डोस वाढवायचा विचार करा.

बीटा-लॅक्टम किती वेळ पुरेशा पातळीला राहतं त्यावर काम करतं, म्हणून पहिला डोस अर्ध्या तासात आणि पुढचे तीन-चार तासांच्या इन्फ्यूजनमध्ये, मेरोपेनेम असेल तर रेसिस्टंट जंतूला २ ग्रॅम दर आठ तासांनी तीन तासांत. २०२४ च्या ब्लिंग-३ ट्रायलमध्ये सुमारे ७ हजार पेशंट होते, ९० दिवसांतले मृत्यू सतत इन्फ्यूजनमध्ये २४.९ आणि तुटक डोसमध्ये २६.८ टक्के आले, फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही पण बरं होण्याचं प्रमाण सतत इन्फ्यूजनमध्ये जास्त होतं. एवढ्या साध्या बदलाला मी नाही म्हणणार नाही. इन्फ्यूजन संपलं की नळी सलाइनने फ्लश करायला सांगा, ५० मिलीलिटरच्या डोसमधले पंधरा-वीस नळीतच राहिले तर पेशंटला दर वेळी एवढं कमी मिळतं आणि चार्टवर पूर्ण दिल्याची टिक असते.

व्हॅन्कोमायसिनला लोडिंग किलोला २० ते ३५ मिलिग्रॅम, आणि नंतर पातळी मोजून एयूसी (दिवसभरात शरीराला मिळालेल्या एकूण औषधाचं माप) ४०० ते ६०० मध्ये ठेवायचा. आणि मेरोपेनेम सुरू करताना औषधांच्या यादीत व्हॅल्प्रोएट आहे का बघा, कार्बापेनेममुळे त्याची पातळी दिवसभरात कोसळते आणि डोस वाढवून ती वर येत नाही, फिट्सचं दुसरं औषध जोडावं लागतं.

४८ ते ७२ तास

हा राउंड मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कल्चर आलेलं असतं, आता कमी करायचं. एमआरएसए नाही, व्हॅन्कोमायसिन बंद. साधा सेन्सिटिव्ह जंतू आला तर अरुंद औषधावर या. दोन ग्रॅम निगेटिव्ह औषधांतलं एक थांबवा. नीट घेतलेलं सँपल निगेटिव्ह आणि त्याआधी ७२ तासांत अँटिबायोटिक बदललं नव्हतं, तर सगळंच बंद करून दुसरं कारण शोधा. पेशंट सुधारतोय म्हणून "चालू आहे ते राहू दे" म्हणणं सोपं असतं, पण त्या जादा चार दिवसांत जे उगवतं त्याला पुढच्या वेळी औषध नसतं.

सुधारत नसेल तर लगेच वरचं औषध शोधू नका. आधी निदान परत तपासा. मग औषध त्या जंतूवर खरंच चालतंय का, डोस पोचतोय का. मग पू साठलाय का, एम्पायमा किंवा अ‍ॅब्सेस, अल्ट्रासाउंड किंवा सीटी करा, कारण साठलेला पू काढल्याशिवाय कुठलंच औषध पुरत नाही. मग दुसरी जागा, सेंट्रल लाइन, पित्ताशय, सी. डिफिसिल (अँटिबायोटिकनंतर होणारं आतड्याचं इन्फेक्शन), सायनस. तापाचं कारण अँटिबायोटिक स्वतःच असू शकतं हेही विसरू नका.

किती दिवस? सात. २००३ च्या ट्रायलमध्ये ८ आणि १५ दिवसांत मृत्यूंमध्ये फरक नव्हता, फक्त स्यूडोमोनास-अ‍ॅसिनेटोबॅक्टर गटात इन्फेक्शन पुन्हा होण्याचं प्रमाण कमी दिवसांत जास्त दिसलं. नेपाळ, सिंगापूर आणि थायलंडमधली रिगार्ड-व्हीएपी ट्रायल २०२४ मध्ये आली, तिथे कार्बापेनेम रेसिस्टन्स भरपूर होता आणि तरीही पेशंटची प्रकृती बघून सात दिवसांच्या आत थांबवणं लांब कोर्सपेक्षा कमी पडलं नाही. जंतू रेसिस्टंट आहे एवढ्याच कारणावरून १४ दिवस लिहू नका. एम्पायमा, अ‍ॅब्सेस, रक्तात स्टॅफ, फार कमी प्रतिकारशक्ती, यांना जास्त लागतं. प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांनी उतरलं किंवा ०.५ च्या खाली गेलं तर थांबवायला धीर येतो. बरं झालेल्या पेशंटचा कफ परत कल्चरला पाठवू नका, जंतू तिथे असणारच आणि रिपोर्ट बघून कोणीतरी परत औषध लावणार.

बाकीची काळजी

औषध काम करेपर्यंत पेशंट जगवायचा असतो. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला ६ मिलीलिटर, प्लॅटो प्रेशर ३० च्या आत, पी-एफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिला जाणारा ऑक्सिजन) १५० च्या खाली राहिला तर पालथं झोपवणं, रोज किमान १६ तास. मीन प्रेशर ६५, नॉरअ‍ॅड्रेनलीन वाढतंच असेल तर हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम, आणि पहिले काही तास सोडले तर पाणी मोजून. रोज सिडेशन हलकं करून ट्यूब आज काढता येईल का हे विचारा, कारण ट्यूब जितके दिवस आत तितका दुसऱ्या न्यूमोनियाचा धोका. डोकं ३० ते ४५ अंश वर, ट्यूबच्या फुग्याचं (इंग्रजी cuff) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी, त्या फुग्याच्या वरचा स्राव ओढून घेणारी ट्यूब असेल तर तिचा वापर, आणि ब्रशनं दात घासणं. तोंडाला क्लोरहेक्सिडिन लावणं २०२२ च्या अमेरिकन शिफारशींनी नको म्हटलंय, आपल्याकडच्या बंडलमध्ये (व्हीएपी टाळायच्या यादीत) अजून असेल तर काढा. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या बेड रेलवर, मॉनिटरच्या बटणांवर, पडद्यांवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, त्यामुळे हात, गाऊन, ग्लोव्हज आणि पेशंटचा स्वतःचा स्टेथोस्कोप, यात तडजोड नाही.

नातेवाइकांशी पहिल्याच दिवशी बोला. जंतू कठीण आहे, औषधं थोडी आहेत, दोन-तीन दिवसांनी आपण पुन्हा बसू आणि तेव्हा दिशा कळेल, इतकं साध्या शब्दांत. ज्यांचे आधीचे आजार खूप पुढे गेलेत त्यांच्यासाठी किती पुढे जायचं ही चर्चा तिसऱ्या राउंडच्या औषधांच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही.

पेशंट वॉर्डात किंवा दुसऱ्या हॉस्पिटलला जाताना समरीमध्ये तीन ओळी ठळक लिहा: कुठला जंतू, त्याचं एन्झाइम माहीत असेल तर ते, आणि कुठलं औषध कुठल्या तारखेला बंद केलं. सोबत आयसोलेशन लागेल हेही लिहा, आणि घेणाऱ्या टीमला फोन करून सांगा, कारण पुढच्या वेळी हा पेशंट रात्री तीनला शॉकमध्ये आला तर तिथल्या रेसिडेंटला पहिला डोस याच तीन ओळींवरून ठरवायचाय.